फॉर्ममधलं फील्ड हवं तेव्हा दिसत नाही, नको तेव्हा जात नाही: शोध कुठून सुरू करायचा

पर्याय निवडला की खालचा भाग उघडायला हवा, आणि तो उघडत नाही. किंवा उघडतो आणि मग बंद व्हायचं नावच घेत नाही. वेबवर फॉर्म बनवणाऱ्या कुणाकडेही ही तक्रार येतेच. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कामांत हिचा नंबर पहिला. कारणं पुष्कळ आहेत, पण ती सगळी तीन प्रश्नांत बसतात. अटीचं उत्तर नेमकं काय आलं? माहिती बदलल्यावर ती अट पुन्हा तपासली गेली का? आणि ब्राउझरने पडद्यावर जे काढलं ते त्या उत्तराला धरून आहे का? बहुतेक जण यातलं काहीही न बघता अटच पुन्हा पुन्हा नव्याने लिहीत बसतात, आणि तिथेच अख्खी दुपार जाते.

उदाहरणासाठी कॉलेज प्रवेशाचा एक फॉर्म धरू. त्यात तीन नियम आहेत. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांचा विभाग दिसावा. इतर मागासवर्ग (इमाव), विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजाभज) यांसारखा प्रवर्ग निवडला तर नॉन-क्रीमी लेयर दाखल्याचं फील्ड दिसावं. आणि शेवटची तारीख उलटली की 'अर्ज भरा' हे बटण जावं. उदाहरणं मुख्यतः रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीची आहेत, पण व्ह्यू किंवा साध्या जेक्वेरीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; एडिटरमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाकायची.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ठरवा.

- फील्ड कधीच दिसत नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एररही नाही.
- फील्ड सगळ्यांनाच दिसतं, कोणताही पर्याय निवडा.
- फील्डच्या जागी नुसतं शून्य उमटतं, किंवा 'नॅन' (म्हणजे 'हा अंक नाही') अशी अक्षरं.
- फील्ड एक क्लिक उशिरा उघडतं.
- पान उघडताना क्षणभर चमकून जातं.
- फील्ड लपलं, पण त्याची रिकामी जागा तशीच राहिली. कधी तर त्या रिकाम्या जागेवर क्लिकही होतं.
- 'सबमिट' दाबलं की काहीच होत नाही. लाल अक्षरं नाहीत, संदेश नाही, काही नाही.
- तुमच्या मशीनवर सगळं ठीक, विद्यार्थ्यांच्या फोनवर नाही.
- पर्याय बदलला की पान एकदम पांढरं पडतं.

सगळ्यात स्वस्त तपासणी: तुमचाच कोड चालतोय ना?

दोन मिनिटांचं काम आहे म्हणून पहिलं. त्या फील्डशेजारच्या लेबलात एक टिंब वाढवा आणि पान ताजं करा. टिंब दिसलं नाही तर अटीचा विचार सोडा, जुनीच फाइल चालू आहे. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांच्या) नेटवर्क टॅबमध्ये 'डिसेबल कॅश' लावा. ॲप्लिकेशन टॅबमध्ये सर्व्हिस वर्कर (जुन्या फाइली साठवून देऊ शकणारी, मागे चालणारी स्क्रिप्ट) दिसला तर तो काढून टाका. तरीही टिंब नाही? मग बिल्ड झालेला नाही, किंवा झालाय पण सर्व्हरवर चढलेला नाही.

टिंब दिसलं तर तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. इन्कॉग्निटोत फील्ड दिसलं आणि नेहमीच्या खिडकीत नाही, तर संशय ॲडब्लॉकरवर घ्या. हे ब्लॉकर घटकाच्या क्लासचं नाव बघूनही त्याला लपवतात. आपल्याकडे नोकरभरतीच्या सूचनेलाही 'जाहिरात'च म्हणतात, आणि मग कुणीतरी त्या चौकटीच्या क्लासला 'ॲडव्हर्टाइजमेंट' असं नाव देऊन मोकळा होतो. कोड निर्दोष असला तरी भरतीची सूचना ॲडब्लॉकर लावलेल्या उमेदवारांना दिसतच नाही. क्लासचं नाव बदला, काम झालं.

इन्स्पेक्ट करा: घटक एचटीएमएलमध्ये आहे का?

अख्ख्या पोस्टमधली एकच तपासणी करायची असेल तर ही करा. जिथे फील्ड असायला हवं तिथे राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' घ्या आणि एलिमेंट्स टॅबमध्ये फील्डचं नाव शोधा.

घटक एचटीएमएलमध्ये आहे आणि अटीने लावलेली लपवण्याची खूण (जसं 'डिस्प्ले नन' किंवा 'हिडन') त्यावर नाही, तरी तो पडद्यावर नाही, किंवा लपायला हवा तरी दिसतोय आणि त्याला लपवण्याची खूण लागलेली आहे, तर अट बरोबर चालली आहे. गडबड सीएसएसची आहे. घटक एचटीएमएलमध्येच नाही, दिसायला हवा तरी त्यावर ती खूण आहे, किंवा नसायला हवा तरी आहे आणि लपवण्याची खूणही नाही, तर सीएसएसला हात लावू नका. गडबड अटीत किंवा माहितीत आहे. या एका नजरेने अर्धा शोध कमी होतो. रिॲक्टमधली && ची अट आणि व्ह्यूमधलं 'व्ही-इफ' घटक एचटीएमएलमधून काढूनच टाकतात; 'व्ही-शो', जेक्वेरीचं 'हाइड' आणि 'हिडन' ही ॲट्रिब्यूट घटक ठेवतात आणि फक्त त्याचं 'डिस्प्ले' बंद करतात. आपण यातलं काय वापरलंय हे माहीत नसेल तर इन्स्पेक्टमध्ये दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थच लागत नाही.

घटक एचटीएमएलमध्ये असेल तर

घटक निवडून 'कम्प्युटेड' टॅबमध्ये 'डिस्प्ले' बघा. तिथे बाण उघडला की कोणता नियम जिंकला आणि कोणते हरले ते दिसतं.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे 'इम्पॉर्टंट', सीएसएसच्या नियमाला इतरांवर वरचढ करणारा शब्द. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचाचे 'डी-फ्लेक्स', 'डी-नन' हे क्लास इम्पॉर्टंटसह लिहिलेले आहेत. जेक्वेरीचं 'हाइड' इनलाइन स्टाइलने (थेट घटकावरच लिहून) 'डिस्प्ले नन' लावतं, पण घटकावर 'डी-फ्लेक्स' असेल तर तो इम्पॉर्टंट वरचढ ठरतो आणि घटक हलत नाही. उलटही होतं: सुरुवातीला 'डी-नन' लावून ठेवलेला विभाग 'शो' म्हटल्यावर उघडत नाही. व्ह्यूच्या 'व्ही-शो'चंही हेच, तेही इनलाइन स्टाइलच लावतं. उपाय एकच: 'डी-नन' क्लासनेच लपवलं असेल तर तोच क्लास काढून दाखवा. लपवायची एक पद्धत आणि दाखवायची दुसरी असं करू नका.

'हिडन' ॲट्रिब्यूटची अडचण याहून साधी आणि म्हणूनच जास्त छळणारी. ती फक्त ब्राउझरच्या मूळ स्टाइलशीटमधल्या 'डिस्प्ले नन'वर चालते. तुमच्या सीएसएसमध्ये त्याच घटकाला 'डिस्प्ले फ्लेक्स' किंवा 'ग्रिड' दिलं असेल तर तुमचा नियम जिंकतो आणि 'हिडन' लागलेला घटक दिमाखात उभा राहतो. स्टाइलशीटमध्ये 'हिडन' असलेल्या प्रत्येक घटकाला 'डिस्प्ले नन इम्पॉर्टंट' असा एक नियम टाकून ठेवा. एरवी इम्पॉर्टंटच्या मी विरोधात आहे, इथे नाही.

रिकामी जागा उरत असेल तर कुणीतरी 'व्हिजिबिलिटी हिडन' किंवा 'ओपॅसिटी शून्य' वापरलंय. दोन्ही जागा धरून ठेवतात. त्यात ओपॅसिटी शून्यवालं बटण दिसत नसलं तरी क्लिक होतं, टॅब दाबत गेलं तर त्यावर फोकस येतो आणि स्क्रीन रीडर ते वाचूनही दाखवतो. म्हणजे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी तुमचं लपवलेलं फील्ड उघडंच आहे. ओपॅसिटी फक्त ॲनिमेशनपुरती ठेवा. लपवायचं काम तिच्यावर सोपवू नका.

आता ते 'सबमिट दाबलं की काहीच होत नाही' प्रकरण. नॉन-क्रीमी लेयरच्या फील्डला 'रिक्वायर्ड' लावलंय आणि विद्यार्थ्याने खुला प्रवर्ग निवडल्यामुळे ते 'डिस्प्ले नन' झालंय. ब्राउझर सबमिटच्या वेळी ते रिकामं रिक्वायर्ड फील्ड पकडतो, त्याच्यावर फोकस न्यायला बघतो, पण ते पडद्यावर नाहीच. मग तो फॉर्म अडवतो आणि वापरणाऱ्याला काहीच सांगत नाही. क्रोमच्या कन्सोलमध्ये मात्र 'नॉट फोकसेबल' अशी एक ओळ येते. विद्यार्थी बिचारा दहा वेळा बटण दाबतो आणि कॉलेजच्या ऑफिसात फोन करतो. लपवताना रिक्वायर्डही काढा. त्याहून सोपं म्हणजे तो अख्खा विभाग 'फील्डसेट'मध्ये घाला आणि लपवताना फील्डसेटला 'डिसेबल्ड' करा: डिसेबल्ड फील्डची पडताळणी होत नाही आणि त्यातली माहिती फॉर्मबरोबर जातही नाही. दुसरा फायदा छोटा नाही. आधी इतर मागासवर्ग निवडून दाखल्याचा क्रमांक भरला, मग प्रवर्ग बदलून खुला केला, तर नुसत्या लपवलेल्या फील्डमधला तो जुना क्रमांक गुपचूप सर्व्हरवर पोचतो.

घटक एचटीएमएलमध्ये नसेल तर: किंमत बघा, तिच्या प्रकारासकट

कन्सोलमध्ये नुसती किंमत छापू नका. क्रोममध्ये 'फॉल्स' हे बूलियन (खरं-खोटं) आणि 'फॉल्स' ही स्ट्रिंग (मजकूर) छापल्यावर फरक फक्त रंगाचा, आणि घाईत तो दिसत नाही. किंमत महिरपी कंसात घालून ऑब्जेक्ट म्हणून छापा. स्ट्रिंग असेल तर अवतरणचिन्हं दिसतील. घटक एचटीएमएलमध्ये नसल्याच्या बहुतेक तक्रारी मी इथेच संपवतो.

जावास्क्रिप्टमध्ये कोणतीही न-रिकामी स्ट्रिंग खरी धरली जाते. रेडिओ बटणाची किंमत 'नाही' असेल आणि अट नुसती 'जर दिव्यांग' अशी असेल, तर 'नाही' निवडणाऱ्यालाही दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं फील्ड दिसणार. लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) सगळं स्ट्रिंग म्हणूनच साठतं, म्हणून तिथून परत आलेलं 'फॉल्स' खरं ठरतं. पत्त्याच्या ओळीतल्या क्वेरीतून येणाऱ्या किमतीही स्ट्रिंगच. चेकबॉक्सची 'व्हॅल्यू' वाचली तर खूण असो-नसो 'ऑन' मिळतं. वाचायचं असतं 'चेक्ड'.

मागे पीएचपी असेल तर आणखी एक जुनी खोड. पीएचपीमध्ये '०' ही स्ट्रिंग खोटी, जावास्क्रिप्टमध्ये तीच खरी. डेटाबेसमधलं शून्य जेसनमधून (माहिती पाठवण्याच्या मजकुरातून) अवतरणांत आलं की सर्व्हरवर बंद असलेली अट ब्राउझरमध्ये चालू. पायथॉनवाल्यांचं असंच रिकाम्या यादीबाबत होतं: तिकडे ती खोटी, इकडे खरी. माहिती आली त्याच क्षणी, एकाच जागी, तिला बूलियन किंवा अंक करून घ्या. प्रत्येक अटीत वेगळं रूपांतर करत बसलात तर एखादी अट सुटतेच.

पडद्यावर शून्य का उमटतं तेही इथलंच. 'दाखले.लेंग्थ && यादी' असं लिहिलं आणि दाखला एकही नसला, तर त्या राशीचं उत्तर 'फॉल्स' नसून शून्य असतं. रिॲक्ट ट्रू, फॉल्स, नल आणि अनडिफाइन्ड गिळून टाकतो, पण शून्य आणि नॅन छापतो. 'लेंग्थ शून्यापेक्षा मोठी' असं स्पष्ट लिहा. रिॲक्ट नेटिव्हमध्ये हीच चूक महागात पडते, कारण तिथे टेक्स्ट घटकाबाहेर मोकळं शून्य आलं की ॲपच कोसळतं.

वयाच्या अटीत मराठी फॉर्मची स्वतःची अशी एक भानगड आहे. टेक्स्ट प्रकारच्या फील्डमध्ये कुणी मराठी कीबोर्डवरून १७ लिहिलं, तर जावास्क्रिप्टचं 'नंबर' फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही आणि नॅन देतं. नॅन १८ पेक्षा कमीही नसतो आणि जास्तही नसतो, त्यामुळे पालकांचा विभागही उघडत नाही आणि सज्ञानांसाठीचाही नाही. याच्या उलट, फील्ड रिकामं असेल तर 'नंबर' शून्य देतं, शून्य १८ पेक्षा कमीच, म्हणून वय भरण्याआधीच पालकांचा विभाग उघडा दिसतो. अंक बदलून घेणारं चार ओळींचं फंक्शन लिहिता येतं. पण वय विचारूच नका, 'डेट' प्रकारच्या फील्डमध्ये जन्मतारीख घ्या आणि वय तुम्ही काढा. तारीख रिकामी असेल तर कोणताच विभाग दाखवू नका.

किंमत बरोबर असेल तर तुलना बघा

'प्रवर्ग === इमाव || विजाभज' असं लिहिलेला कोड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता शोधायला तिथूनच सुरुवात करतो. वाचायला ते 'प्रवर्ग इमाव किंवा विजाभज असेल तर' असं वाटतं. जावास्क्रिप्ट मात्र वाचतं: प्रवर्ग इमाव आहे का, नसेल तर 'विजाभज' ही स्ट्रिंग. स्ट्रिंग रिकामी नाही, म्हणजे अट कायम खरी, म्हणजे फील्ड सगळ्यांना. चालणाऱ्या प्रवर्गांची यादी करा आणि 'इन्क्लूड्स'ने विचारा. तिचा बंधू म्हणजे '!भूमिका === ॲडमिन': इथे आधी भूमिकेचा नकार होतो आणि मग त्या बूलियनची स्ट्रिंगशी तुलना, जी कधीच जुळत नाही. आणि && व || एकाच ओळीत असतील तर && आधी सुटतो. कंस घाला, कंसाला पैसे पडत नाहीत.

आता तुलना मराठी नावांवर असेल तर. तालुक्याच्या यादीत 'कऱ्हाड' आहे आणि अटही 'कऱ्हाड'चीच आहे, तरी जुळत नाही. ते अर्धं ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतं: युनिकोडमधलं 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि पुढे हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही एकसारखे, पण आत दोन वेगळ्या स्ट्रिंग. 'नॉर्मलाइज' करूनही त्या एक होत नाहीत. एकाने एका कीबोर्डवरून यादी भरली, दुसऱ्याने दुसऱ्यावरून अट लिहिली, की झालं. त्यात कुणी 'कराड' लिहिलं किंवा नावापुढे एक स्पेस राहिली तर विचारूच नका. दिसणाऱ्या नावावर अट बांधू नका, कोडवर बांधा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हे, तालुके, गावं यांना ठरलेले कोड आहेत. तेच वापरले तर पुढे दुसऱ्या सिस्टिमशी जोडतानाही त्रास वाचतो.

अट बरोबर, पण ती पुन्हा तपासलीच जात नाही

एक क्लिक उशिरा उघडणारं फील्ड इथे मोडतं. रिॲक्टमध्ये 'सेटप्रवर्ग' म्हटल्यावर पुढच्याच ओळीत 'प्रवर्ग' वाचला तर जुनीच किंमत मिळते. नवी किंमत पुढच्या रेंडरमध्ये, म्हणजे रिॲक्ट तो भाग पुन्हा काढतो तेव्हा, येते. मग त्या जुन्या किमतीवरून कुणी 'दाखलादाखवा' अशी दुसरी स्टेट (रिॲक्टने लक्षात ठेवलेली किंमत) भरतो, आणि ती सदैव एक पाऊल मागे राहते.

माझं मत इथे ठाम आहे: दाखवायचं की नाही, ही गोष्ट स्टेटमध्ये साठवूच नका. प्रवर्ग साठवा. दाखवायचं की नाही हे दर रेंडरला प्रवर्गावरून काढा, एका साध्या 'कॉन्स्ट'च्या ओळीत. साठवलेलं उत्तर शिळं होतं, काढलेलं उत्तर होत नाही. प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेली किंमत) घेऊन त्याने 'यूजस्टेट' सुरू करणं हाही त्यातलाच प्रकार. ती सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या वेळी वापरली जाते, नंतर प्रॉप कितीही बदलो.

फील्ड अजिबातच बदलत नसेल तर यादीत 'पुश' करून तीच यादी परत सेट केली आहे का बघा. रिॲक्ट जुना आणि नवा संदर्भ एकच आहे का, म्हणजे ती मेमरीतली तीच यादी आहे का, एवढंच पाहतो; एकच असेल तर पुन्हा रेंडर करायची तसदी घेत नाही. नवी यादी बनवून द्या. व्ह्यू ३ मध्ये 'रिॲक्टिव्ह' ऑब्जेक्ट फोडून त्यातल्या साध्या किमती वेगळ्या काढल्या की त्यांचा मूळ ऑब्जेक्टशी संबंध तुटतो, 'टूरेफ्स' वापरा. व्ह्यू २ वरून ३ वर आला असाल तर एकाच घटकावर 'व्ही-इफ' आणि 'व्ही-फॉर' आहेत का तेही शोधा, कारण त्यांचा अग्रक्रम तिथे उलटला आहे.

एक चूक मात्र लपून बसते. सज्ञान असेल तर 'विद्यार्थ्याचा मोबाइल', नसेल तर 'पालकांचा मोबाइल', अशी एकाच जागी दोन इनपुट कंपोनंट लिहिली की रिॲक्टच्या दृष्टीने जागा तीच आणि प्रकारही तोच. त्यामुळे लेबल बदलतं, पण आतला भरलेला नंबर तसाच राहतो. विद्यार्थ्याचा नंबर पालकांचा म्हणून नोंदला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोघांना वेगळी 'की' द्या.

आणि पर्याय बदलताच पान पांढरं पडून कन्सोलमध्ये हुक्स ('यूजस्टेट'सारखी रिॲक्टची फंक्शनं) कमी किंवा जास्त झाल्याची एरर आली (प्रॉडक्शनमध्ये क्रमांक ३०० किंवा ३१०), तर कंपोनंटमध्ये हुक्सच्या आधी कुठेतरी 'अट नसेल तर रिटर्न नल' लिहिलंय. तो रिटर्न सगळ्या हुक्सच्या खाली न्या.

वेळेच्या भानगडी

चमकून जाणारं फील्ड म्हणजे बहुतेकदा दोनच अवस्था धरलेल्या असतात, असतात मात्र तीन: हो, नाही, आणि अजून माहीत नाही. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत 'लॉगिन केलंय' ही किंमत फॉल्स ठेवली, तर लॉगिन केलेल्या माणसालाही क्षणभर लॉगिनचं बटण दिसतं. सुरुवात नलने करा, आणि नल असेपर्यंत दोन्हीपैकी काहीच दाखवू नका.

शेवटच्या तारखेची चूक जास्त गंभीर. जावास्क्रिप्टमध्ये नुसती '२०२५-०७-१५' अशी तारीख दिली (कोडमध्ये अर्थात इंग्रजी अंकांत) तर ती यूटीसीमधली (जागतिक प्रमाण वेळेतली) मध्यरात्र धरली जाते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून 'आत्ताची वेळ शेवटच्या तारखेपुढे गेली की बटण लपवा' ही अट १५ तारखेच्या पहाटे साडेपाचलाच खरी होते. शेवटचा अख्खा दिवस विद्यार्थ्यांच्या हातून जातो. न्यू जर्सीतून मुलाचा अर्ज भरणाऱ्या पालकांच्या घड्याळात तर तेव्हा १४ तारखेच्या संध्याकाळचे आठच वाजलेले असतात. तारखेसोबत रात्री ११:५९:५९ ही वेळ आणि +०५:३० हा ऑफसेट लिहा. ऑफसेट न लिहिता नुसती वेळ जोडली तर ती ज्याच्या-त्याच्या फोनच्या टाइमझोनमध्ये मोजली जाते, म्हणजे नवा घोळ. आणि फोनचं घड्याळच चुकीचं असू शकतं, म्हणून मुदत संपली की नाही हे शेवटी सर्व्हरनेच ठरवायचं.

माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे नाही

इथून पुढचं अवघड. नेक्स्टसारख्या, रिॲक्टवर उभ्या असलेल्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) पान आधी सर्व्हरवर तयार होतं आणि मग ब्राउझरमध्ये रिॲक्ट त्याचा ताबा घेतो; यालाच हायड्रेशन म्हणतात. सर्व्हरवर लोकलस्टोरेज नाही, खिडकीची रुंदी नाही. रेंडर करतानाच 'ब्राउझर असेल तर हे, नसेल तर ते' अशी अट घातली की दोन बाजूंचं एचटीएमएल जुळत नाही आणि हायड्रेशनची एरर येते. पहिलं रेंडर दोन्हीकडे सारखंच होऊ द्या, ब्राउझरवर अवलंबून असलेली किंमत 'यूजइफेक्ट'मध्ये वाचा. चमक नकोच असेल तर ती माहिती कुकीत ठेवा, म्हणजे सर्व्हरलाही कळेल. रुंदीवरून लपवायचं असेल तर जावास्क्रिप्ट कशाला, सीएसएसची मीडिया क्वेरी आहे.

दुसरं कारण आपल्या लोकांच्या बाबतीत फार खरं आहे. फॉर्म इंग्रजीत, विद्यार्थी क्रोममधून तो मराठीत भाषांतरित करतो. भाषांतर करताना क्रोम मजकुराचे मूळ नोड काढून तिथे स्वतःचे 'फॉन्ट' टॅग घालतो. रिॲक्टला याचा पत्ता नसतो. अट बदलली की तो जुना नोड काढायला जातो, नोड जागेवर नाही, 'रिमूव्हचाइल्ड'ची एरर, आणि पान पांढरं. तुम्ही भाषांतर न करता तपासता म्हणून तुमच्याकडे कधीच होत नाही. अटीने येणारा-जाणारा मोकळा मजकूर 'स्पॅन'मध्ये गुंडाळलात तर बराचसा त्रास थांबतो. पण पक्का उपाय म्हणजे फॉर्मच मराठीत द्या.

इथे थांबा

काही ठिकाणी स्वतः खटपट करू नका, जाणकाराला बोलवा.

अधिकारांवरून लपवाछपवी असेल तर. 'हे बटण फक्त प्राचार्यांना दिसावं' ही अट ब्राउझरमध्ये कितीही अचूक लिहिली तरी ती सुरक्षा नव्हे. डेव्हटूल्स उघडता येणारा कुणीही ते बटण परत आणू शकतो, किंवा बटणाशिवायच सर्व्हरला विनंती पाठवू शकतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत 'ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल' (अधिकारांची तपासणी तुटलेली असणं) पहिल्या क्रमांकावर आहे. तपासणी सर्व्हरवर हवी, आणि ती बॅकएंड जाणणाऱ्याचं काम आहे.

आधार क्रमांक, बँक खातं, उत्पन्न असं काही पडद्यावर झाकायचं असेल तर. सीएसएसने झाकलेला आधार नेटवर्क टॅबमध्ये पूर्ण दिसतो. शेवटचे ४ अंक दाखवायचे असतील तर सर्व्हरनेच तेवढे ४ पाठवायला हवेत. आधीच पूर्ण क्रमांक जात असतील तर कोड गुपचूप बदलून गप्प बसू नका, संस्थेच्या जबाबदार माणसाला कळवा.

फी भरण्याचं बटण अटीवर असेल आणि ते दोनदा दिसत असेल किंवा पैसे भरल्यावरही जात नसेल, तर. लोक दुसऱ्यांदा पैसे भरतील. पान तात्पुरतं बंद ठेवा आणि पेमेंटचं काम ज्याने केलंय त्याला गाठा.

हायड्रेशनची एरर तुमच्या कोडमधून न येता एखाद्या तयार लायब्ररीच्या पोटातून येत असेल, तरही. तिच्या आतल्या फाइली खरवडू नका; पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल.

बोलावलेल्या माणसाला 'फील्ड दिसत नाही' एवढंच सांगू नका. इन्स्पेक्टमधल्या त्या भागाचा स्क्रीनशॉट, ऑब्जेक्ट म्हणून छापलेली किंमत, ब्राउझर आणि फोन कोणता, भाषांतर चालू होतं का, आणि कोणत्या क्रमाने पर्याय निवडले, एवढं द्या. आणि प्रवेशाची मुदत तोंडावर असेल तर तो येईपर्यंत अटच काढून टाका: फील्ड सगळ्यांना उघडं ठेवा, रिक्वायर्ड काढा, शेजारी 'लागू असेल तरच भरा' असं लिहा, आणि आलेले अर्ज सर्व्हरवर तपासून घ्या.